चाल कोणाची?

मराठी भाषेने 'चाल' या एका शब्दावर किती ओझे लादले आहे, पाहा. गाण्याला चाल असते, घोड्याला चाल असते, बुद्धिबळाच्या पटावर चाल असते; आणि सासरी आलेल्या नव्या सुनेला 'आमच्यात अशी चाल नाही' असे ज्या स्वरात सांगितले जाते त्या स्वरालाही कुठल्या तरी रागाची चाल असावी. गाण्याची चाल आणि समाजात पडलेली चाल यांना आपल्या पूर्वजांनी एकच शब्द का ठेवला असेल, याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. कारण मला पडलेला प्रश्न नेमका या दोन अर्थांच्या मधल्या बोळात उभा आहे. ज्या गायकावर सारा मुलूख वेडा होतो तो गायक नवी चाल पाडतो, की आधीच पडलेल्या चालीने मुकाट्याने जातो?

तरुण मंडळींना हा प्रश्नच वाटत नाही. त्यांच्या मते एक लोकप्रिय गायक येतो, एका विशिष्ट तऱ्हेने गातो, केस एका विशिष्ट तऱ्हेने राखतो, आणि मग सगळे तसेच गाऊ लागतात नि तसेच केस राखू लागतात. यात विचारायचे काय? उलट वयस्क मंडळी म्हणतात, छे, हे आजचे गायक म्हणजे वाऱ्याची दिशा पाहून शीड उभारणारे. दोन्ही पक्षांजवळ आवाज पुष्कळ, पुरावा थोडा. म्हणून मी हा खटला आजच्या गायकांवर चालवत नाही. तो चालवायचा आपल्या जुन्या संगीत रंगभूमीवर. तिथे पुरावा आहे, आणि तो छापील आहे.

जुन्या संगीत नाटकांची पुस्तके ज्यांनी हाताळली असतील त्यांना आठवेल की प्रत्येक पदाच्या डोक्यावर बारीक टाइपात एक ओळ असते. राग अमुक, ताल अमुक, आणि 'चाल' म्हणून कुठल्या तरी दुसऱ्याच गाण्याचे पहिले शब्द. माझ्या संग्रही अशी पंचवीस-तीस पुस्तके आहेत. काहींची पाठ गेलेली, काहींची पहिली चार पाने गेलेली. वाचणारे पद वाचतात आणि ती ओळ सोडून देतात. मी हल्ली पद सोडून देतो आणि ती ओळ वाचतो. हे गाणे कोणत्या गाण्याच्या पोटी जन्मले हे नाटककाराने तिथे प्रामाणिकपणे लिहून ठेवलेले असते. आपल्या कर्जाची यादी अशी गाण्याच्या कपाळावर छापणारा दुसरा समाज मला तरी ठाऊक नाही.

अण्णासाहेब किर्लोस्करांपासून सुरुवात करू. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात 'शाकुंतला'चे पहिले चार अंक रंगभूमीवर आले आणि 1882 साली 'सौभद्र' आले. या नाटकांतल्या चाली पाहिल्या तर त्यांत साकी आहे, दिंडी आहे, अंजनीगीत आहे, कीर्तनकारांच्या तोंडची वळणे आहेत, लावणीचे ठेके आहेत आणि अण्णासाहेब मूळचे धारवाड-बेळगावकडल्या मुलखातले असल्यामुळे कानडी चालीही आहेत. म्हणजे ज्या नाटकाने महाराष्ट्राला संगीत नाटकाचे वेड लावले त्या नाटकातली चाल देवळाच्या ओवरीत, माजघरात आणि जत्रेत लोकांनी आधीच ऐकलेली होती. प्रेक्षक नवे ऐकायला आला आणि त्याला त्याचेच गाणे भरजरी शालू नेसून भेटले. मला वाटते, त्याच्या आनंदाचे निम्मे कारण हे ओळखीचे असावे.

या नाटकांनी पहिला मोठा गायक-नट दिला तो भाऊराव कोल्हटकर. बडोद्याहून आणलेला हा मुलगा शकुंतला आणि सुभद्रा होऊन उभा राहिला आणि घरोघरी 'भावड्या' झाला. 1901 च्या फेब्रुवारीत तो गेला तेव्हा अवघा सदतीस वर्षांचा होता. हिंदुस्थानात ग्रामोफोनच्या तबकड्या काढणारी मंडळी कलकत्त्यास उतरली ती 1902 साली. तेव्हा त्याच्या आवाजाची तबकडी आपल्याजवळ नाही. त्याच्या गाण्याबद्दल आपण जे बोलतो ते ऐकणाऱ्यांनी लिहून ठेवले म्हणून. पण त्याच्या काळचीच एक गोष्ट आपल्या खटल्याला फार उपयोगी आहे. 1896 साली श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे 'वीरतनय' आले. कोल्हटकरांचा कान पारशी आणि उर्दू नाटकांवर बसलेला. त्यांनी साकी-दिंडीला रजा दिली आणि पारशी-गुजराती रंगभूमीवरच्या ठसकेबाज चाली उचलून त्यांवर मराठी पदे रचली. भाऊराव ज्या किर्लोस्कर मंडळीचे आधारस्तंभ, त्याच मंडळीने हे नाटक केले. महाराष्ट्राचा सर्वांत लाडका आवाज त्या वेळी तिथे हजर होता. पण गाण्याचा प्रवाह वळवला तो ज्याला गवई म्हणून कोणी ओळखत नव्हते अशा एका नाटककाराने, आणि तोही शेजारच्या थिएटरात काय चालते ते पाहून.

इथवर निकाल वयस्क मंडळींच्या बाजूने झुकला आहे. पण अजून मुख्य आरोपी पिंजऱ्यात यायचा आहे.

नारायण श्रीपाद राजहंस 26 जून 1888 रोजी जन्मले. लोकमान्य टिळकांनी त्यांना लहानपणी 'बालगंधर्व' म्हटले ही गोष्ट महाराष्ट्रात मुलाला मुंजीतल्या मंत्रांच्या आधी कळते. या पदवीचा प्रताप असा की पुढे सवाई गंधर्व झाले, छोटा गंधर्व झाले, कुमार गंधर्व झाले. एका पदवीनेच एवढी प्रजा वाढवावी, ही चाल नव्हे तर काय? 1905 साली ते किर्लोस्कर मंडळीत आले. पण आपल्याला पाहायचे आहे ते 12 मार्च 1911 चे मुंबईतले 'मानापमान'.

'मानापमान' लिहिले कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी. खाडिलकर तोवर गद्य नाटकांचे नाटककार. त्यांच्या 'कीचकवधा'वर सरकारने 1910 साली बंदी घातलेली. संगीत नाटक त्यांनी यापूर्वी लिहिलेले नव्हते. चाली दिल्या गोविंदराव टेंब्यांनी. हे भास्करबुवा बखल्यांच्या मैफलींत पेटीची साथ करणारे, वय तिशीच्या आतले, आणि अल्लादिया खाँसाहेबांच्या गायकीने झपाटलेले. भामिनी झालेले नारायणराव बावीस वर्षांचे. तेव्हा या तिघांपैकी कोणीही आपापल्या नव्या कामात मुरलेला नव्हता. टेंब्यांनी पूरबेकडच्या ठुमऱ्या, दादरे, कजऱ्या यांची वळणे आणली. मैफलीत बसून ऐकायचे गाणे त्यांनी रंगभूमीच्या दिव्यांपुढे उभे केले. त्याच दिवशी नारायणरावांची लहानगी मुलगी वारली होती आणि तरीही त्यांनी प्रयोग रद्द होऊ दिला नाही. प्रेक्षकांना ते 'मायबाप' म्हणत. हा शब्द आज भाषणात तोंडी लावायला वापरतात. त्या माणसाने तो कोणत्या दिवशी पाळून दाखवला हे ठाऊक असले म्हणजे तो इतक्या सहज उच्चारवत नाही.

पाच वर्षांनी, 10 डिसेंबर 1916 रोजी, 'स्वयंवर' आले. आता मंडळी स्वतंत्र झाली होती, 1913 साली गंधर्व नाटक मंडळी निघाली होती, आणि चाली देणारे होते खुद्द भास्करबुवा बखले. भास्करबुवांची कथा सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. हे बुवा लहानपणी किर्लोस्कर मंडळीतच नट होते. 'रामराज्यवियोगा'त कैकेयी करीत. वयात येताना आवाज फुटला आणि मंडळीतून जावे लागले. मग त्यांनी बडोद्यास फैज महंमद खाँ, पुढे आग्र्याचे नत्थन खाँ, आणि त्यानंतर अल्लादिया खाँ अशा तीन उस्तादांच्या घरी गाण्याची वेठ केली. शिष्य म्हणून तीन घराण्यांत राहणे म्हणजे तीन सासवांच्या हाताखाली नांदणे. ज्या रंगभूमीने आवाज गेला म्हणून बाहेर पाठवले त्याच रंगभूमीला या माणसाने पंचविसाहून अधिक वर्षांनी परत येऊन काय दिले, तर ख्याल दिला. यमन, भीमपलास, बागेश्री हे राग ज्यांना नावानेही माहीत नव्हते अशा कारकुनांच्या आणि शाळामास्तरांच्या बायका दुसऱ्या दिवशी तांदूळ निवडताना ते गुणगुणू लागल्या.

आता पदांवरची ती बारीक ओळ वाचा. भास्करबुवांनीही चाली हवेतून काढलेल्या नाहीत. उस्तादांकडून आलेल्या चिजा होत्या. त्यांच्या मापाने खाडिलकरांनी मराठी शब्द बसवले. शब्द कधीकधी मापात बसता बसत नाहीत, ओढूनताणून येतात. खाडिलकरांच्या पदांना लोकांनी पुष्कळ नावे ठेवली आहेत ती काही सगळीच अन्यायाची नव्हेत. पण कारण हे आहे. चीज आधी, शब्द मागाहून.

म्हणजे पाहा, गायक चाल घेतो संगीत-दिग्दर्शकाकडून, तो घेतो उस्तादाकडून, आणि उस्ताद आपल्या वाडवडिलांकडून. या रांगेत सगळेच कोणाच्या तरी मागे उभे आहेत. रांगेच्या तोंडाशी कोण आहे ते पाहायला गेलो तर अंधार होतो.

या रांगेतले एक नाव मात्र मला मुद्दाम प्रकाशात आणायचे आहे. राम गणेश गडकऱ्यांचे 'एकच प्याला' 20 फेब्रुवारी 1919 रोजी बडोद्यास प्रथम झाले. गडकरी ते पाहायला नव्हते. 23 जानेवारीलाच ते गेले होते. नाटकातली पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांनी रचली. आणि सिंधूच्या पदांच्या चाली बालगंधर्वांना मिळाल्या त्या सुंदराबाई जाधव यांच्याकडून. सुंदराबाई पुण्याच्या, बैठकीत लावणी, ठुमरी, गझल गाणाऱ्या. त्यांच्या गळ्यातली चाल त्यांच्यापुढे बसून एका पुरुषाने शिकून घ्यायची, आणि मग नऊवारी नेसून ती रंगभूमीवर पतिव्रतेच्या तोंडून म्हणायची! बाई स्वतः कुलीन प्रेक्षकांपुढे ते नाटक करू शकत नव्हत्या. सिंधूच्या पदांनी महाराष्ट्रातल्या बायकांचे पदर भिजले. ते सूर आले त्या बैठकीचा जिना चढायला त्यांच्यातली एकही धजली नसती. पुढे ग्रामोफोनवर सुंदराबाईंचे नाव झाले आणि 1939 साली शांतारामबापूंच्या 'माणूस' चित्रपटात नायकाच्या आईचे काम करताना सगळ्यांनी त्यांना पाहिले. पण 'सिंधूची गाणी कोणाची?' असे विचारले तर दहापैकी नऊ जण उत्तर देतील, बालगंधर्वांची. नाव असे वाहत जाते. ते ज्याने चाल दिली त्याच्यापाशी थांबत नाही, ज्याने ती गाजवली त्याच्या गळ्यात पडते. माझा राग बालगंधर्वांवर नाही. त्यांनी आपले ऋण कधी नाकारले नाही आणि भास्करबुवांना तर गुरूच मानले. माझा राग आपल्या स्मरणशक्तीवर आहे.

एवढे झाल्यावर वाचक म्हणतील की मग बालगंधर्वांचे असे उरले काय? चाल टेंब्यांची, भास्करबुवांची, सुंदराबाईंची; शब्द खाडिलकर-गुर्जरांचे; मग हा माणूस काय नुसता भोंगा?

याचे उत्तर देणारा एक प्रयोग इतिहासानेच करून ठेवला आहे, आणि तोही शास्त्रज्ञाने करावा इतका स्वच्छ. टिळक स्वराज्य फंडासाठी 8 जुलै 1921 रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात 'संयुक्त मानापमान' झाले. गंधर्व मंडळी आणि ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी मंडळ्या एकत्र आल्या. बालगंधर्व भामिनी, आणि केशवराव भोसले धैर्यधर. नाटक तेच, चाली दहा वर्षांपूर्वीच्या टेंब्यांच्याच, प्रेक्षकांना पाठ असलेल्या. बदलले होते ते फक्त गळे, आणि तेही एकाच रात्री, एकाच छपराखाली, एकापाठोपाठ एक. केशवरावांचा आवाज उंच, धारदार, तानेचा मारा असा की समोरच्याने दम धरावा. बालगंधर्वांचा आवाज तसा लहान फिरतीचा, पण शब्दाला न दुखावता लयीच्या अंगाने पुढे सरकणारा. तान आली तरी ती पदराच्या काठासारखी, कापडाला सोडून नसलेली. ज्यांनी तो प्रयोग पाहिला त्यांनी पुढे आयुष्यभर त्याबद्दल लिहिले आणि कोण जिंकले यावर त्यांचे कधी एकमत झाले नाही. तीन महिन्यांच्या आत, 4 ऑक्टोबरला, केशवराव विषमज्वराने गेले. त्यांचे वय एकतीस.

या प्रयोगातून मला दिसते ते हे. चाल एकच असली तरी 'गाणे' एक नसते. चाल कागदावर उतरवता येते, पुस्तकात छापता येते, कोणाकडून उसनी आणता येते. ती कशी म्हणावी हे मात्र उसने मिळत नाही. बालगंधर्वांनी पाडली ती चाल ही. स्त्रीच्या मनातली लाज, रुसवा, विनवणी यांना सुरांत कुठे थांबवायचे आणि कुठे सोडून द्यायचे, याची एक रीत त्यांनी घालून दिली आणि मग तिलाच लोक 'गंधर्व गायकी' म्हणू लागले. पायपेटीच्या, म्हणजे ऑर्गनच्या, अखंड स्वरावर गळा टेकवून गाण्याची पद्धत त्यांच्यामुळे रुजली. ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे, सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर अहमदजान थिरकवा अशी साथ तोवर नाटकाच्या पडद्यापुढे कोणी बसवली नव्हती. खाँसाहेब थिरकवा नाटकात वाजवतात म्हटल्यावर नाटकाचे गाणे हलके कसे म्हणणार? किराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्यांनी 'मानापमाना'तली पदे गाऊन त्यांच्या तबकड्या काढल्या. मैफलीतून रंगभूमीवर आलेली चाल अशी पुन्हा मैफलीत गेली, पण जाताना तिचे नाव बदलले. ती आता 'नाट्यपद' होती. आणि गाण्याबाहेरच्या चाली तर विचारूच नका. लुगडे कसे चापूनचोपून नेसावे, अंबाड्यावर वेणी कशी माळावी हे बायका एका पुरुषाकडे पाहून शिकल्या. घरच्या सुनेला 'आमच्यात अशी चाल नाही' म्हणणाऱ्या सासवासुद्धा त्याच थिएटरातून घरी आल्या होत्या.

म्हणजे तरुण मंडळींचा पक्ष अगदीच खोटा नाही. पण त्यांनी फार खूष होऊ नये, कारण पुढचा अंक शोकाचा आहे.

'वन्स मोअर' हा दोन शब्दांचा राक्षस ज्याने पोसला त्यालाच तो खातो. एकेका पदाला तीन-तीन, चार-चार वेळा मागणी येऊ लागली. मायबापांना नाही कसे म्हणायचे? नाटक रात्री सुरू झाले की पहाटेच्या कोंबड्याला उरकायचे. कथा तिथेच थांबून राही आणि गाणे चालू. नाटकाचे संगीत होते ते संगीताचे नाटक झाले. ही चाल बालगंधर्वांनी पाडली की प्रेक्षकांनी त्यांच्याकडून पाडून घेतली? मला वाटते, या ठिकाणी पुढे कोण आणि मागे कोण हे सांगता येत नाही. वरातीत घोडा पुढे असतो म्हणून तो काही वरात नेत नसतो. शिवाय खरी जर, अत्तराचे फाये, 'द्रौपदी' नाटकातल्या मयसभेचा अफाट खर्च. मंडळीवर कर्ज चढले, ते त्यांनी दिवाळखोरीचा अर्ज न करता गाऊन फेडले. 1922 साली भास्करबुवा गेले. पुढची नाटकेही चालली, मास्टर कृष्णरावांनी सुंदर चाली दिल्या, 1931 साली आलेल्या 'कान्होपात्रा'तल्या अभंगांनी तर लोक डोलले. पण तो अभंगही वारकऱ्यांनी शतकानुशतके म्हटलेला. 'सौभद्रा'च्या वेळचीच गोष्ट पुन्हा घडत होती.

आणि मग बोलपट आला. 1931 साली 'आलम आरा', 1932 साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा'. या पहिल्या मराठी बोलपटाला संगीत कोणाचे? गोविंदराव टेंब्यांचे. इतकेच नव्हे, त्यात राजा हरिश्चंद्र झाले तेही टेंबेच! ज्या माणसाने 1911 साली संगीत नाटकाला नवे वळण दिले, तोच माणूस एकवीस वर्षांनी त्याची जागा घेणाऱ्या माध्यमाच्या दाराशी स्वागताला उभा होता. चाल देणारा बदलत्या काळाबरोबर गाव बदलू शकतो. त्याची बोचकी हलकी असतात. चाल गाजवणाऱ्याला ते जमत नाही, कारण लोकांनी त्याला एका रूपात आपल्या मनात बसवलेले असते आणि तिथून उठू देत नाहीत. 1935 साली प्रभातने बालगंधर्वांना 'धर्मात्मा'त एकनाथ केले. (चित्रपटाचे नाव आधी 'महात्मा' होते, सरकारला त्यात गांधींचा वास आला म्हणून ते बदलावे लागले.) भूमिका पुरुषाची, संतपुरुषाची, संगीत मास्टर कृष्णरावांचे. पण प्रेक्षकांना एकनाथ नको होते, त्यांना भामिनी हवी होती. प्रभातशी ठरलेले पुढले चित्रपट झाले नाहीत. त्यानंतर मीराबाई होऊन ते पडद्यावर आले, तर कॅमेऱ्याने जे दाखवू नये ते सगळे दाखवले. रंगभूमीच्या दिव्यांत आणि प्रेक्षकांच्या प्रेमात जी स्त्री उभी राहत असे ती भिंगापुढे उभी राहिली नाही.

तिकडे खुद्द नाटकातही वारा फिरला होता. 1929 साली हिराबाई बडोदेकरांनी बहिणींसह स्वतःची नाटक मंडळी काढली आणि 1 जुलै 1933 रोजी नाट्यमन्वंतर या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' केले. त्यात स्त्रीचे काम स्त्रीनेच केले, ज्योत्स्नाबाई भोळ्यांनी. आणि पदे अगदी मोजकी, भावगीतासारखी आटोपशीर. चाली केशवराव भोळ्यांच्या. भोळे स्वतः गायकांवर फार मार्मिक लिहीत. बालगंधर्वांचा विलंब ज्यांच्या रात्रीच्या रात्री गोड करून गेला त्यांच्याच मुलांना आता तीन मिनिटांत संपणारे गाणे आवडू लागले. याला कोणी एक गायक कारण नाही. तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची असते, आणि ध्वनिक्षेपकापुढे हळू बोललेलेही शेवटच्या रांगेत पोचते. भावगीताची चाल ज्या कोणी पाडली असेल त्यात यंत्राचा वाटा मोठा आहे.

दीनानाथ मंगेशकरांचे उदाहरण याहून निराळे आहे. 1918 साली निघालेल्या बळवंत संगीत मंडळीचे ते प्राण. वझेबुवांच्या चाली ते अशा काही पंजाबी हरकतींनी आणि विजेसारख्या तानांनी गात की ऐकणारा दचके. 'मानापमाना'तली सर्वांच्या ओठांवर बसलेली पदेही त्यांनी आपल्या निराळ्या चालीत म्हटली! गंधर्व युगात हा म्हणजे पोथीत खाडाखोड करण्यासारखा प्रकार. 1942 साली, एक्केचाळिसाव्या वर्षी, ते गेले, तेव्हा त्यांच्या मागून जाणारे फार थोडे होते. पण 24 डिसेंबर 1967 रोजी 'कट्यार काळजात घुसली' आले आणि वसंतराव देशपांड्यांनी खाँसाहेब उभे केले, तेव्हा जाणकारांना ऐकू आले ते दीनानाथ. पाडलेली चाल पंचवीस वर्षे जमिनीखाली राहून उगवली. असाही एक चमत्कार आहे, आणि तो माझ्या कोणत्याच पक्षात बसत नाही.

त्यांच्या कन्येबद्दल एकच गोष्ट सांगतो. 1949 साली 'महल' चित्रपटातल्या गाण्याची जी पहिली तबकडी निघाली तिच्यावर गायिकेचे नाव होते 'कामिनी'. कामिनी म्हणजे चित्रपटातली नायिका. लोकांनी आकाशवाणीला पत्रे लिहून विचारले की ही गाते कोण? तेव्हा लता मंगेशकर हे नाव जाहीर झाले. सुरुवातीच्या काळात या गळ्यावर नूरजहाँच्या गाण्याची छाया होती असे संगीताचे जाणकार सांगतात. नंतर दोन पिढ्यांतल्या गायिकांवर या गळ्याची छाया पडली. संगीतकार खेमचंद प्रकाश मात्र त्या गाण्याचे कौतुक पुरते ऐकायच्या आधी, 1950 साली, वारले.

संगीत नाटकाची कूस पुन्हा उजवली ती 1964 साली 'मत्स्यगंधा'ने. तिथेही पहिला पुढे आला तो चाल देणारा, जितेंद्र अभिषेकी. गोव्यातल्या मंगेशीच्या देवळातले संस्कार आणि अनेक गुरूंकडे केलेली वणवण यांतून आलेल्या त्यांच्या चाली पदाला आटोपशीर ठेवीत आणि तरीही रागाला उपाशी ठेवीत नसत. त्या वेळी बालगंधर्व हयात होते. पाय गेलेले, पण भजनाला गळा मिळत असे. 15 जुलै 1967 रोजी ते गेले. पुण्यात मुठेच्या काठी त्यांच्या नावाचे रंगमंदिर उभे राहिले, त्याचा पाया त्यांच्याच हस्ते 1962 साली घातला गेला होता. तिथून थोड्याच अंतरावर, जुन्या पेठेत, भास्करबुवांनी 1911 साली काढलेला भारत गायन समाज आहे. 1911, म्हणजे 'मानापमाना'चेच वर्ष. रंगमंदिराच्या पाटीखाली रिक्षांची रांग लागलेली असते. गायन समाजात संध्याकाळी मुले तंबोऱ्यावर यमनाचे स्वर घोकत असतात.